वंशावळीत लेकींची नावं

माझे वडील, मी आणि माझा धाकटा लेक, आम्हा तिघांचा आजार एकच. गोरलिन सिंड्रोम. ऐन तारुण्यापासून कातडीवर एकामागून एक कर्करोगाच्या गाठी येऊ शकतात, त्याच्याही आधी जबड्याच्या हाडात गाठी होतात, आणि हे सगळं आईकडून किंवा बापाकडून लेकरात उतरतं. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. दादा गेले तोवर ह्या आजाराचं नाव आमच्या घरात कुणी उच्चारलं नव्हतं. मला ते कळलं दाताच्या दुखण्यावरून.

मी परभणी जिल्ह्यात, गंगाखेड तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. उजव्या बाजूचा खालचा जबडा बरेच महिने जड जड वाटत होता. मधूनच तोंडात खारट पाणी यायचं. तालुक्याला दातांच्या डॉक्टरांनी एका दाढेचं रूट कॅनॉल केलं, गोळ्या दिल्या, पण सूज काही उतरेना. मग त्यांनीच जबड्याचा पूर्ण फोटो काढायला सांगितला. ओपीजी म्हणतात त्याला. त्यात उजवीकडे हाडाच्या आत भलीमोठी काळी पोकळी होती, डावीकडे अक्कलदाढेच्या मागे तसलीच दुसरी. डॉक्टर म्हणाले, इथं हात लावण्यासारखं हे नाही, तुम्ही संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालयात दाखवा.

तिथं एका शिकाऊ डॉक्टर मुलीनं फोटो उजेडात धरला, बराच वेळ बघितला आणि मला म्हणाली, "मॅडम, तळहात दाखवा बरं." मला वाटलं रक्त कमी आहे का ते बघतेय. तिनं वाटीत कोमट पाणी आणलं, मला दोन्ही हात काही वेळ त्यात बुडवून ठेवायला लावले आणि मग बॅटरी लावून एकेक बोट, एकेक रेघ तपासली. तळव्यावर टाचणीच्या डोक्याएवढे बारीक खड्डे दिसत होते, काही तर तळाशी लालसर. कातडी भिजली की ते उठून दिसतात. धुणं धुतल्यावर ते मी लहानपणापासून बघत आले होते. आमच्याकडे म्हणायचे, कापूस वेचताना बोंडाची टोकं टोचून झालं असेल. आमच्या रानात कापूस आहेच, त्यामुळे हे उत्तर सगळ्यांना पटायचं आणि पुढं कुणी विचारायचं नाही.

तिनं मग विचारलं, चेहऱ्यावर, मानेवर तीळ किती, नवे येतात का, त्यातून कधी रक्त आलंय का, वडिलांना असं काही होतं का. दाताच्या दवाखान्यात वडिलांच्या तिळांची चौकशी कशाला, असं आधी वाटलं. पण मी बोलत गेले तसं तिचं लिहिणं वाढत गेलं. तिनं सरांना बोलावलं, सरांनी छातीचा आणि डोक्याचा एक्स-रे काढायला सांगितला. छातीच्या फोटोत एक बरगडी पुढच्या टोकाला दुभंगलेली निघाली. डोक्याच्या फोटोत मेंदूच्या दोन भागांच्या मधल्या पडद्यावर चुना साचल्याची पांढरी रेघ होती. सर म्हणाले, म्हातारपणी असं काही लोकांत दिसतं, तुमच्या वयाला दिसायला नको.

जबडा, तळहात, बरगडी, डोकं, कातडी. ह्या पाच गोष्टींचे डॉक्टर पाच वेगळे. ज्याला त्याला आपापला तुकडा दिसतो. अमेरिकेत रॉबर्ट गोरलिन आणि रॉबर्ट गोल्ट्झ ह्या दोघांनी १९६० साली हे तुकडे एकत्र मांडले, म्हणून आजाराला गोरलिनचं नाव पडलं. १९९७ साली तिकडेच १०५ रुग्णांचा मोठा अभ्यास छापून आला. त्यात ८७ टक्के लोकांच्या तळहाता-तळपायावर खड्डे होते, ७४ टक्क्यांच्या जबड्यात गाठी. गोऱ्या कातडीच्या रुग्णांत कर्करोगाच्या गाठी खूप जास्त आणि लवकर येतात, काळ्यासावळ्या कातडीत कमी. म्हणून आपल्याकडे हा आजार कातडीच्या डॉक्टरांच्या आधी दातांच्या डॉक्टरांना सापडू शकतो. त्या मुलीनं नुसता जबडा न बघता हात बघितला, हे उपकार मी विसरणार नाही.

जबड्याच्या ऑपरेशनवर मी फार लिहीत नाही. भूल देऊन दोन्ही गाठी अस्तरासकट खरवडून काढल्या, हाडाच्या पोकळीला आतून औषध लावलं आणि गाठीचा तुकडा तपासायला पाठवला. ह्या गाठी परत येण्यात पटाईत असतात, म्हणून दरवर्षी फोटो काढावा लागतो. खालचा ओठ बरेच महिने बधिर होता, आता शुद्ध आली आहे.

नाकाशेजारचे आणि कानामागचे दोन तीळही काढून तपासले. काळे, तुळतुळीत, कडेला किंचित चमक. दोन्ही बेसल सेल कार्सिनोमा निघाले. म्हणजे कर्करोगच, पण हळू वाढणारा. तो दुसऱ्या अवयवात सहसा पसरत नाही. मात्र जागच्या जागी आत पोखरत जातो. सावळ्या कातडीवर तो बऱ्याचदा काळा दिसतो आणि तीळ किंवा चामखीळ म्हणून खपून जातो.

दादांचंही असंच खपून गेलं. त्यांच्या चेहऱ्यावर, पाठीवर असे बरेच होते. एकाला घोड्याचा केस बांधून पाडायचा प्रयत्न झाला, एकावर चुना लावला. नाकाच्या बाजूचा चिघळला तेव्हा त्यांना एका मोठ्या शहरात नेलं. तिथं कर्करोग आहे हे बरोबर ओळखलं आणि शेक दिले, म्हणजे रेडिएशन. जखम भरली, सगळे खूश झाले. काही वर्षांनी जिथं शेक दिला होता नेमक्या त्याच पट्ट्यात, गालापासून कपाळापर्यंत, पुरळ उठावं तशा नव्या गाठी उठल्या. शेवटी डोळ्याच्या खोबणीपर्यंत गेलं.

एरवी ह्या कर्करोगाला रेडिएशन हा मान्य उपचार आहे. कुणाला ऑपरेशन झेपत नसेल तर डॉक्टर तोच देतात. पण गोरलिन असलेल्या माणसाला होता होईल तो रेडिएशन टाळायचं असतं, कारण त्या किरणांनीच नव्या गाठी जन्माला येतात. दादांना शेक देण्याआधी कुणी त्यांचे तळहात बघितले नाहीत, जबड्याबद्दल विचारलं नाही, घरात आणखी कुणाला आहे का हेही विचारलं नाही. मला त्याचा राग आहे. तो शांत व्हावा अशी माझी इच्छाही नाही, कारण त्याच रागानं मला पुढचं काम करायला लावलं.

ते काम म्हणजे वंशावळ. मुंबईला टाटा रुग्णालयात जनुकांविषयी सल्ला देणाऱ्या विभागाकडे आम्हाला पाठवलं होतं. नंदीग्राम एक्सप्रेसनं रात्रभर प्रवास करून आम्ही पोचलो. तिथल्या बाईंनी कोरा कागद समोर ठेवला आणि मला विचारत विचारत आमचं घराणं काढायला घेतलं. पुरुषाला चौकोन, बाईला गोल. आजार असेल तर आत काळं करायचं, मेलेल्यावर तिरपी रेघ. मी भराभर सांगत होते, आजोबा, पणजोबा, चुलते, चुलत भाऊ. त्यांनी थांबवलं. "आणि मुली? आजोबांना बहिणी किती होत्या?"

मला सांगता आलं नाही. चार पिढ्यांचे पुरुष मला पाठ होते, आजोबांच्या बहिणींची नावंसुद्धा येत नव्हती.

त्या दिवसांत आमच्या भागात घराघरांत वंशावळी चालल्या होत्या. कुणबी दाखल्यासाठी निजामाच्या काळातल्या नोंदी शोधणं सुरू होतं, तहसीलला रांगा होत्या. आमच्या भावकीचीही शपथपत्रासहित तयार वंशावळ होती. मी ती मागवून घेतली. पणजोबांपासून खाली सगळे पुरुष, ओळीनं. लेकी नाहीत, सुना नाहीत. जमिनीला आणि दाखल्याला तेवढं पुरत असेल. पण हा आजार लेकीला आणि लेकाला सारख्याच हिशेबानं येतो आणि लेकीकडून तिच्या लेकरांना तसाच पुढं जातो. भावकीचा कागद घेऊन शोधलं असतं तर अर्धं घराणं हाती लागलंच नसतं.

म्हणून सुट्ट्यांत मी आत्यांच्या घरी जायला लागले. आमच्या घरच्या, लग्न करून दिलेल्या लेकी, त्यांच्या लेकी, कुठं कंधार, कुठं अहमदपूर, एक पार देगलूरच्या बाजूला. मी वही काढली की पहिला प्रश्न यायचा, "दाखल्यासाठी का?" नाही म्हटलं की लोक गोंधळायचे. आजाराचं म्हटलं की बायका आधी दार लोटून घ्यायच्या, मग बोलायच्या.

कंधारजवळच्या आत्याकडे गेले तेव्हा ती ओसरीवर तूर पाखडत बसली होती. चेहऱ्यावर काळे ठिपके, खालचे दात बरेचसे गेलेले. मी म्हटलं, "आत्या, हात दाखव." तिनं सूप खाली ठेवलं, हात पदराला पुसले आणि उताणे केले. मग तीच म्हणाली, "मपल्या हाताला तर लहानपणापसून हायेत की गं. मपल्या मायचे बी असेच होते."

आमची आजी! तिच्याबद्दल कुणाला काही विचारावं हे कुणाच्या डोक्यातच नव्हतं. म्हणजे जिथून हे दादांकडे आलं ते घर भावकीच्या कागदावर नव्हतंच. ते आजीचं माहेर होतं.

आत्यानं त्या दुपारी खूप सांगितलं. तिच्या तरुणपणी जबडा सुजायचा, पू यायचा, गावातला माणूस दात उपटून द्यायचा. तिचा दुसरा मुलगा दोनेक वर्षांचा असताना चालता चालता पडायला लागला, सकाळी उठला की उलट्या करायचा, आणि काही महिन्यांत गेला. लोक म्हणाले, बाहेरचं झालं. ह्या आजारात काही लेकरांना अगदी लहानपणी मेंदूत मेड्युलोब्लास्टोमा नावाची गाठ होते. मुंबईच्या बाईंनी त्या मुलाच्या चौकोनावर रेघ मारली आणि आत प्रश्नचिन्ह काढलं. आत्यानं मला पुन्हा पुन्हा विचारलं, "मग देवाचं केलं नाही म्हणून नव्हतं ना गेलं ते?" मी नाही म्हटलं. एवढी वर्षं ती ते मनात घेऊन बसली होती.

माझ्या रक्ताचा अहवाल आला. नवव्या गुणसूत्रावर पीटीसीएच-१ नावाचा जनुक असतो, गोरलिनशी त्याचा संबंध १९९६ साली सापडला. त्यात माझ्याकडे बिघाड होता. मला समजावं म्हणून बाईंनी बरंच सांगितलं, आणि घरी येऊन सगळ्यांना समजावताना मी ते माझ्या पद्धतीनं सांगितलं. आमच्याकडं जायकवाडीचा कालवा आहे. समजा एकाच चारीवर एकामागे एक दोन दारं आहेत. एक आईनं दिलेलं, एक बापानं. दोन्हींपैकी एक जरी धड असलं तरी पाणी अडतं. आपल्या पेशींत वाढीचा हुकूम असाच अडवून धरलेला असतो. आम्हाला जन्मताच एक दार मोडकं मिळालं आहे. उन्हानं किंवा रेडिएशननं एखाद्या पेशीतलं दुसरंही मोडलं की त्या पेशीत पाणी सुटतं, ती वाढतच राहते. इतर लोकांना दोन्ही दारं आयुष्यात मोडावी लागतात, आम्हाला एकच. म्हणून आमच्यात गाठी लवकर येतात आणि अनेक येतात.

नातेवाइकांचा एक समज मात्र मुळातूनच काढावा लागला. आमच्या भागात मामाच्या मुलीशी लग्न होतं, आणि घरात काही निघालं की लोक म्हणतात, नात्यात केलं म्हणून झालं. काही आजार तसे असतात, ज्यांत दोन्हीकडून बिघडलेला जनुक यावा लागतो. गोरलिन तसा नाही. आई-बापांपैकी एकाकडून आला तरी पुरतो. परक्यात लग्न केलं तरी प्रत्येक लेकराला तो येण्याची शक्यता ५० टक्के. काही घरांत तर आई-बाप दोघेही निरोगी असतात आणि बिघाड त्या लेकरातच नव्यानं झालेला असतो.

५० टक्के हा आकडा माझ्या दोन लेकरांवर येऊन ठेपला तेव्हा घरात दोन तट पडले. सासूबाईंचं म्हणणं, "लेकरं चांगली खेळायलीत, कशाला रगत काढता? उद्या पोरीचं लग्न कसं व्हायचं?" त्यांच्या बोलण्यात दुष्टावा नव्हता, भीती होती. आमचे हे बराच काळ गप्प होते. मग एका रात्री म्हणाले, "दादांना जर आधी माहीत असतं, तर त्यांनी शेक घेतला असता का?" सासूबाईंनाही ते कुठंतरी पटलं असावं. त्या पुन्हा काही बोलल्या नाहीत.

मोठ्या मुलीत बिघाड निघाला नाही. तिला तपासण्यांची गरज नाही आणि तिच्याकडून पुढंही जाणार नाही. धाकट्यात निघाला. अहवाल हातात आल्यावर एकीसाठी सुटल्यासारखं वाटत होतं आणि त्याच वेळी दुसऱ्याचं तोंड बघवत नव्हतं. मुलगी मोठी आहे, तिला समजत होतं. तिनं आल्या आल्या विचारलं, "त्याला दुखणार आहे का?"

त्याला आठवं लागल्यापासून दरवर्षी जबड्याचा फोटो काढतो, कारण गाठी लहान असताना सापडल्या तर हाड वाचतं, येणारे दातही वाचतात. वर्षातून एकदा डोक्यापासून पायाच्या तळव्यांपर्यंत कातडी तपासतात. मेंदूची तपासणी करायची झाली तर सीटी स्कॅनऐवजी एमआरआय, कारण त्यात एक्स-रेचे किरण नसतात. बाकी सगळा झगडा उन्हाशी. एप्रिल-मेमध्ये परभणीचा पारा ४२-४३ वर जातो. पण कातडी बिघडवणारे अतिनील किरण ऊन चटकतं तेवढ्यापुरतेच नसतात, पावसाळी ढगांतूनही ते येतात, हे मलाही शिकावं लागलं. पूर्ण बाह्यांचा सदरा, मागं मान झाकणारी टोपी, गॉगल, तोंडाला आणि कानांना सनस्क्रीन. शाळेत परिपाठ मैदानावर व्हायचा. मी मुख्याध्यापकांशी बोलले आणि सगळ्या शाळेचाच परिपाठ लिंबाखाली घ्यायला सुरुवात झाली. तो एकटा सावलीत आणि बाकीची पोरं उन्हात असं झालं असतं तर त्यानं टोपी कधीच फेकून दिली असती. खेळ सकाळी लवकर नाहीतर पाच वाजल्यानंतर. इतकं झाकल्यावर ड जीवनसत्त्व कमी पडतं का ते डॉक्टर तपासून सांगतात.

सनस्क्रीन दर महिन्याला लागतं आणि ते स्वस्त नाही. शेतात राबणाऱ्या माझ्या आतेभावाला ते परवडत नाही. त्याला मी दस्ती बांधून वर रुंद काठाची टोपी घालायला सांगते, आणि फवारणी, कोळपणी भर दुपारी नको म्हणते. तो म्हणतो, मजूर मिळतात तेव्हा काम करावं लागतं, ताई. त्याचंही खरं आहे. ऑपरेशनचा खर्च महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसला, आमच्या घरच्या जनुक तपासण्या मात्र खिशातून केल्या. पण एका माणसाचा बिघाड नेमका कुठं आहे हे सापडलं की बाकीच्यांची तेवढीच जागा तपासायची असते, ते बरंच कमी पैशांत होतं. हे मी प्रत्येक घरी सांगते, कारण पहिला आकडा ऐकूनच लोक उठून जातात.

चेहरा गाठींनी भरलेला असेल आणि ऑपरेशन शक्य नसेल तर विस्मोडेगिब नावाची गोळी आहे, अमेरिकेत तिला २०१२ साली परवानगी मिळाली. ती वाढीचा तो हुकूमच अडवते. पण केस जातात, पायात गोळे येतात, तोंडाची चव जाते, आणि पोटातल्या बाळाला ती फार घातक आहे. मला अजून तिची गरज पडलेली नाही.

सगळे तपासणीला आले असं झालं नाही. एका चुलत भावानं फोन उचलणंच बंद केलं, कारण त्याच्या मुलीची सोयरीक जुळत होती. मी त्याला दोष देत नाही, फक्त मुलीचा जबडा सुजला तर आधी फोटो काढ एवढा निरोप पाठवला आहे. आजीच्या माहेरच्या दोन घरांचा पत्ता लागला, तिथले लोक यायला तयार आहेत. आत्याच्या नातीच्या जबड्यात सुपारीएवढी गाठ सापडली, अजून हाड शाबूत आहे. तिची बारावी आहे, परीक्षा झाली की ऑपरेशन. आत्तापासूनच तिच्या फायलीच्या पहिल्या पानावर डॉक्टरांकडून मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं आहे: गोरलिन सिंड्रोम, रेडिएशन देण्याआधी जनुक विभागाला विचारावे. तोच मजकूर तिच्या आईच्या, माझ्या आणि माझ्या लेकाच्या फायलीवर आहे. आत्याला फाईल नाही. तिच्यासाठी मी तो कागद प्लास्टिकमध्ये घालून आधार कार्डाबरोबर ठेवायला दिला आहे.